खोकं टेकल्याचा भोंगा

उस्ताद घरी बसले आणि घरातली सगळी झाकणं चुकीच्या भांड्यांवर असल्याचं उघडकीला आलं. टॉवेल उभा वाळत घालायचा की आडवा, नळ किती पिळायचा, चपलांच्या टाचा भिंतीकडे असाव्यात की दाराकडे, या सगळ्यावर त्यांची ठाम मतं निघाली. इतकी वर्षं ती सांगायला ते घरी नव्हते, एवढंच. बायकोने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग तिने धाकट्या भावाला फोन करून सांगितलं, की तुझ्या भावोजींना एक तर वर चढव, नाहीतर मला तरी कुठेतरी नेऊन बसव.

वर म्हणजे क्रेनवर. उस्ताद लोखंडी पाइपांच्या यार्डात क्रेन चालवायचे. शिडीने चढून जायची उंच केबिन, समोर काच, दोन हातांत दोन दांडे आणि खाली साखळ्यांना लटकलेला पाइपांचा जुडगा. उस्ताद हे नाव यार्डाने दिलेलं. आपल्याला ते आवडत नाही असं ते सांगत, पण कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली तर त्यांना ऐकू येत नसे.

खाली जमिनीवर उभं राहून हाताने खुणा करणारा माणूस म्हणजे हाच बायकोचा भाऊ. डावीकडे घ्या, हळू, खाली सोडा, थांबा. गळ्यात शिट्टी असायची म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. ती शिट्टी आजूबाजूच्या माणसांना हटवायला. इंजिनांच्या धडधडीत तिचा आवाज वर केबिनपर्यंत पोचत नसे, वर पोचायचा फक्त हात. उस्तादांनीच त्याला चिकटवला होता, शिकवलाही त्यांनीच, आणि रोज एकदा तरी त्याची ते आठवण करून देत. शिट्टी एकटा राहायचा, जेवायला बहिणीकडे यायचा. त्यामुळे ती आठवण त्याला जेवणाबरोबर मिळायची.

उस्ताद घरी बसले त्याला कारण घडलं होतं. एका जुडग्याचं टोक उभ्या ट्रकच्या केबिनला घासून गेलं. ड्रायव्हर चहाला गेला होता म्हणून नुसता पत्रा गेला. कागदावर वाऱ्याचं नाव लागलं, कारण वाऱ्याला नोटीस काढता येत नाही आणि तो खुलासाही मागत नाही. साहेब उस्तादांना म्हणाले, थोडा आराम करा, हात बसल्यासारखा वाटला की या. यार्डाच्या डॉक्टरने रक्तदाब बघितला, "दिसतं ना नीट?" विचारलं आणि उत्तर यायच्या आत सही केली. म्हणजे कामावर कधी जायचं ते सर्वस्वी उस्तादांवर होतं. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. ते दिवस केबिनमध्ये काढायचे की झाकणं मोजत, एवढाच प्रश्न होता.

आणि हात बसला की नाही हे ठरवायची उस्तादांची एक पद्धत होती. ती यार्डात फक्त शिट्टीला ठाऊक होती.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागे राहिला आणि त्यात एक जुनाट गेम राहिला. एक हेलिकॉप्टर, त्याला दोरी, दोरीला झुलतं खोकं. शेवटच्या टप्प्यात लाटांवर डोलणारं जहाज येतं आणि ते खोकं त्याच्या डेकवर अलगद टेकवायचं असतं. टेकलं की जहाज भोंगा देतं. दर रविवारी सकाळी आंघोळ करून, भांग पाडून उस्ताद ही एकच फेरी खेळत. भोंगा वाजला की उठत. आठवडा चोख जाणार. एकदा वाजला नव्हता, तेव्हा त्यांनी तापाचं खोटं कारण देऊन रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच ताप भरला. तेव्हापासून त्या भोंग्यावर त्यांचा जो विश्वास बसला तो पुढे कुठल्याही डॉक्टरवर बसला नाही.

आता ते रोज खेळत होते आणि भोंगा वाजत नव्हता.

दोष गेमचा, याबद्दल घरात दुमत नव्हतं. बटण आत्ता दाबलं तर हेलिकॉप्टर मग सावकाश वळतं, जसं काही कुणाला तरी विचारून येतंय, असं उस्ताद सांगत. दोरी मध्येच तुटलेली दिसते. जहाजाची कड वितळल्यासारखी वाकते. बायकोला हे पटायला काहीच अडचण नव्हती, कारण घरातली यापेक्षा नवी यंत्रंही तिला याहून जास्त छळत होती. तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि दारातच सांगून टाकलं, की एकदाचा तो गेम धड करून द्या म्हणजे हे कामावर जातील आणि मला माझं घर मिळेल.

दुरुस्तीवाल्याचं दुकान जवळच एका जिन्याखाली होतं. माणूस पोक्त, सौम्य, बोलण्यात जपून. त्याचा एक नियम होता: गिऱ्हाइकाला कधीही तुमच्या मशीनमध्ये काही दोष नाही असं सांगायचं नाही. तसं सांगितलं की लोकांना आपल्याला खोटं ठरवल्यासारखं वाटतं. काहीतरी निघालं की चेहरे कसे उजळतात. म्हणून तो नेहमी काहीतरी काढायचाच. पहिल्या फेरीत त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्रशने धूळ काढली आणि ती कागदावर जमवून उस्तादांना दाखवली. उस्तादांनी मान हलवली, जसं काही ती धूळ त्यांच्या ओळखीची होती. दुसऱ्या फेरीत पंखा बदलला. मग ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, मागे चालणारे फालतू प्रोग्रॅम बंद केले, जुन्या गेमसाठी असतात त्या सेटिंग खालीवर करून पाहिल्या. शेवटी स्वतःच्या दुकानातला मोठा पडदा आणून लावला.

उस्ताद प्रत्येक वेळी बसले, खेळले, खोकं प्रत्येक वेळी समुद्रात गेलं. मोठ्या पडद्यावर ते अधिक मोठं होऊन समुद्रात गेलं.

"पडदा चांगला आहे," उस्ताद म्हणाले. "रोग आतच आहे."

त्या दिवशी शिट्टी जेवायला लवकर आला होता. उस्ताद तावातावाने दाढी करायला उठले आणि दुरुस्तीवाला खुर्चीमागे नुसता उभा राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात त्याने एक आकडा चालू करून ठेवला होता. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात ते तो आकडा सांगतो. गेम अडखळत असेल तर तो खाली पडायला हवा. उस्ताद खेळत होते तो सगळा वेळ तो जागचा हलला नव्हता.

त्याने शिट्टीला खुर्ची दाखवली. शिट्टीने फोनवर धड एक निरोप कधी लिहिला नव्हता, पण भावोजींच्या मागे उभं राहून त्याने ही फेरी इतक्यांदा पाहिली होती की वाटा त्याला पाठ होत्या. एक खोकं पाण्यात गेलं. दुसरं त्याने जहाज वर येण्याची वाट बघत धरून ठेवलं आणि सोडलं. भोंगा वाजला.

मोरीतून उस्तादांचा आवाज आला. "वाजला का रे?"

दुरुस्तीवाल्याने शिट्टीकडे पाहिलं. शिट्टीने मोरीच्या दाराकडे.

"आवाज तपासतोय, भावोजी," शिट्टीने ओरडून सांगितलं.

मग दोघं गॅलरीत गेले. दुरुस्तीवाल्याने पहिल्यांदाच आपला नियम मोडला आणि हळू आवाजात सांगितलं की मशीनमध्ये काही नाही. सरळ कड वाकडी दिसते, मधलं पुसट दिसतं, हे त्याच्या सासऱ्यांनाही झालं होतं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं. आणि हात उशिरा चालतो तो कशाने, हे त्याला माहीत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, एवढंच तो म्हणाला.

शिट्टी बराच वेळ समोरच्या घराच्या भिंतीवरच्या पाइपांकडे बघत राहिला. माणूस हुशार होता, पण त्याची हुशारी त्याला नेहमी जवळच्या रस्त्याने न्यायची. त्याने मनाशी मांडणी केली. डॉक्टरकडे नेलं तर भावोजी पुन्हा वर चढणार नाहीत. चढले नाहीत तर खाली बसून ते कसे जगतील ते तो रोज जेवताना बघतच होता. आणि वर तरी ते काय बघतात? ओझ्याकडे तर कधीच बघत नाहीत, बघतात ते माझ्या हाताकडे. हात दिसतो की नाही? एवढा मोठा हातमोजा आहे, पिवळाधमक. राहता राहिला उशीर. त्यांचा हात थोडा मागे पडत असेल तर माझी खूण थोडी पुढे. हिशेब मिटला.

या मांडणीत सगळं बरोबर होतं. खूण आधी द्यायची म्हणजे काय होणार ते आधी कळायला हवं, एवढी एक बाब मांडायची राहिली.

त्याने दुरुस्तीवाल्याला विचारलं, की गेमच जरा हळू करता येईल का.

येत होतं. फार सोपं होतं. जुन्या गेमांचा वेग चित्रांना बांधलेला असतो. सेकंदाला चित्रं कमी पाडली की आतलं सगळं जगच संथ होतं. हेलिकॉप्टर, लाटा, दोरीचा झोका, सगळं. दुरुस्तीवाल्याने काचकूच केली. पण गिऱ्हाइकाला काहीतरी निघाल्याचं समाधान द्यायची त्याची सवय जुनी होती. त्याने चित्रं कमी केली, आणि पडद्याची बारकाई उतरवून सगळं ठसठशीत केलं. दोरी काठीएवढी जाड झाली. कोपऱ्यातला आकडा त्याने काढून टाकला.

उस्ताद गुळगुळीत दाढी करून आले, बसले आणि खेळले. खोकं टेकलं, भोंगा वाजला. त्यांनी दांडे सोडावेत तसे दोन्ही हात हवेत सोडले.

"आता कसा चालतोय बघ," ते म्हणाले. "पहिल्यासारखा. मी म्हणत नव्हतो?"

दुरुस्तीवाल्याला त्यांनी विचारलं की काय निघालं. एक सेटिंग चुकली होती, असं तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

सोमवारी उस्ताद वर चढले. बायकोने त्या दिवशी सगळी झाकणं मनाला येतील तशी ठेवली.

आणि खरं सांगायचं तर काम चाललं. शिट्टी खूण पुढे द्यायला शिकला. जुडगा थप्पीपासून हातभर वर असतानाच त्याची मूठ वळायची, आणि थप्पीवर जुडगा असा उतरायचा की धूळ उडायची नाही. साहेब दोनदा खाली येऊन बघून गेले. आराम केला की माणूस कसा सुधारतो, असं ते इतरांना सांगू लागले. उस्ताद जेवताना शिट्टीला चिडवू लागले, की हल्ली तुझा हात फार लवकर उठतो, म्हातारा व्हायला लागलास की काय. शिट्टी हसायचा. संध्याकाळी मात्र त्याचं डोकं इतकं दुखायचं की बहिणीने त्याच्यासाठी मलम वेगळं आणून ठेवलं.

ज्या दिवशी ते घडलं तो दिवस कोरडा, स्वच्छ होता. वारा अजिबात नव्हता. जुडगा खाली येत होता आणि थप्पीवरची एक लाकडी पाचर सरकलेली शिट्टीला दिसली. ती तशीच राहिली असती तर पाइप गडगडत पलीकडे गेले असते, आणि पलीकडे दोघंजण साखळ्या मोजत होते. त्याने डाव्या हाताने पाचर ठोकायला घेतली, उजवा हात वर करून थांबा म्हटलं. मग पाचर अडकली म्हणून उजवा हातही घातला. थांबा म्हटलं होतं ना. ज्या माणसाने त्याला खुणा शिकवल्या त्याच्यासाठी थांबा ही एवढी वर्षं भिंत होती. भिंतीमागे हात घालायला माणूस दोनदा विचार करत नाही.

जुडगा थांबला, पण खूण पाहून मग सावकाश, जसं काही कुणाला तरी विचारून.

पिवळा हातमोजा कापून काढावा लागला. आत पंजा म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं. डॉक्टरांनी मनगटापासून वर शक्य तेवढं वाचवलं.

साहेब हॉस्पिटलात आले आणि सौम्यपणे चौकशी केली. शिट्टी म्हणाला, माझीच खूण उशिरा गेली. हे त्याला कुणी सुचवलं नव्हतं. उस्तादांनाही साहेबांनी विचारलं आणि त्यांनी मनापासून सांगितलं, की हात वर झालेला दिसला तोच उशिरा. दोन्ही जबाब जुळले. जुळलेल्या जबाबांवर कुणी अधिक खर्च करत नाही.

बहीण पहिल्या दिवशी त्याच्यावर संतापली. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणाली, आणि मग त्याच्या पायांपाशी बसून रडली. उस्ताद मात्र रागावले नाहीत. कामावरून सुटले की थेट हॉस्पिटलात येत. त्याला भरवत, दाढी करून देत. दाढी करताना वस्तरा कानशिलाजवळ जरा चुके, रक्ताचा ठिपका येई आणि ते म्हणत, हलू नकोस रे. एकदा त्यांनी त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की होतं माणसाकडून, मी मनात काही धरलेलं नाही. हाताचं दुखणं गोळीने कमी होई. या माफीवर कुठलीच गोळी चालली नाही.

घरी परतल्यावर एका संध्याकाळी शिट्टीकडे एक माणूस आला. फाटकावरच्या रखवालदाराचा जावई, अंगाने दणकट, नुकताच बाप झालेला. शिट्टीच्या जागेवर त्याला घेतलं होतं. आतापर्यंत कार्यालयातला एक कारकून कसंबसं निभावत होता, सोमवारपासून हा उभा राहणार होता. त्याने नव्याकोऱ्या शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत विचारलं, की उस्तादांच्या काही खास सवयी आहेत का. मग स्वतःच म्हणाला, "सगळे म्हणतात, त्यांच्याखाली उभं राहणं म्हणजे घरात उभं राहणं. थांबा म्हटलं की संपलं."

शिट्टीने त्याला पाणी दिलं. डाव्या हाताने देताना थोडं सांडलं. माणसाने घाईघाईने पुसलं आणि उगाच माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी शिट्टी जिन्याखालच्या दुकानात गेला. दुरुस्तीवाल्याने त्याच्या बाहीकडे पाहिलं आणि खाली मान घातली. त्याला काही सांगावं लागलं नाही. उस्ताद कामावर असताना दुरुस्तीवाला त्यांच्या घरी गेला. काही नाही, जरा साफसफाई, असं बायकोला सांगून त्याने गेम होता तसा केला आणि तिथून निघताना दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं.

रविवारी सकाळी उस्तादांनी आंघोळ केली, भांग पाडला आणि बसले. शिट्टी मागे स्टुलावर बसला. आत बहीण भांडी लावत होती.

पहिलं खोकं जहाजाच्या फार आधी पाण्यात गेलं. दुसरं शिडाच्या खांबावर आपटलं. उस्तादांनी खुर्ची पुढे ओढली, डोळे पडद्याजवळ नेले, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने बघितलं. तिसरं. चौथं.

"बिघडला परत," ते म्हणाले. "त्याला बोलाव. सेटिंग हलली असणार."

"मशीन बरोबर आहे, भावोजी."

"हे बरोबर? बटण दाबतोय आत्ता आणि..."

"मी बसतो. उठा जरा."

उस्ताद उठले. समजूत घालायला उठावं तसे, थोडं हसत. शिट्टीने बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताची बोटं बाणांच्या बटणांवर टेकवली. हेलिकॉप्टर वेडंवाकडं उडालं. खोकं फार झुललं. त्याने झोका विरेपर्यंत वाट पाहिली, जहाज वर येऊ दिलं आणि सोडलं. टेकलं ते काही अलगद टेकलं नाही, एका कोपऱ्यावर कलंडून बसलं.

जहाजाने भोंगा दिला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. उस्ताद पडद्याकडे बघत नव्हते. ते शिट्टीच्या डाव्या हाताकडे बघत होते, जसे वरून बघायचे तसे.

"मग मध्यंतरी वाजत होता तो?"

"हळू करून घेतला होता. मीच सांगितलं त्याला."

उस्तादांनी खुर्चीची पाठ धरली. विचारायचं काय उरलं होतं ते दोघांनाही माहीत होतं, आणि एकाने विचारल्याशिवाय दुसरा सांगणार नव्हता.

"त्या दिवशीची खूण," उस्ताद म्हणाले.

"वेळेवर होती."

शिट्टीने मान वर केली नाही. पडद्यावर जहाज डोलत राहिलं आणि हेलिकॉप्टर पुढच्या खोक्याची वाट बघत एका जागी घरघरत राहिलं. उस्तादांनी हात पुढे केला. शिट्टीला वाटलं, मारतील. ते वाकले, बटण शोधायला त्यांची बोटं दोनदा चुकली, मग त्यांनी गेम बंद केला आणि कॉम्प्युटर पूर्ण बंद होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

दारात बहीण ओल्या हातांनी उभी होती. तिने किती ऐकलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. आज जेवायला काय करू, असं ती रविवारी नेहमी विचारायची. तिने विचारलं नाही.

"अगं," उस्ताद तिला म्हणाले, "उद्यापासून डबा नको."